बेवारशी वेडा आणि त्याचा जामीन

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला मोठा रस्ता सुमारें तीस किलोमीटर गेल्यावर बुटीबोरी येथें फुटतो. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जाते, दुसरी वर्ध्यावरून यवतमाळकडे वळते. जवळूनच नागपूर-वर्धा लोहमार्ग गेला आहे, आणि त्याच्यावरून दिल्ली, चेन्नई, मुंबई, हावडा अशा चारी दिशांच्या गाड्या धांवतात. एके काळीं भोंवतालच्या शेतकऱ्यांचें असलेलें हें गांव आज कारखान्यांचें झालें आहे. दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठीं आलेलीं माणसें तेथें राहतात, आणि सकाळ-संध्याकाळ पाळी बदलली कीं नाक्यावर गर्दी उसळते.

अशा नाक्यावर एक माणूस हटकून दिसतो. केसांच्या जटा झालेल्या, भर वैशाखांत अंगावर दोन कोट, काखेंत चिंध्यांचें गांठोडें, आणि तोंडानें कोणाशीं तरी अखंड चाललेलें बोलणें. चहावाला त्याला उरलेला चहा देतो, पोरें खडे मारतात, मालमोटारीवाले भोंगा वाजवून त्याला कडेला घालवितात. तो कोठून आला हें कोणाला ठाऊक नसतें. एके दिवशीं तो दिसेनासा होतो, आणि कोठें गेला हेंही कोणी विचारीत नाहीं.

हा माणूस काल-परवां उत्पन्न झालेला नाहीं. त्याला वैद्याच्या दारापर्यंत न्यावें कसें, हा प्रश्न नागपूर प्रांतांत निदान दीडशें वर्षें सरकारदरबारीं चर्चिला जात आहे. जुने कायदे व अहवाल चाळले म्हणजे एक गोष्ट वारंवार नजरेस येते. खाटा अपुऱ्या होत्या, वैद्य थोडे होते, औषधें तर बराच काळ नव्हतींच. परंतु याहून अवघड अडचण दाराशीं होती. आंत जाण्यास शिपायाचा हात पुरे होई. बाहेर पडण्यास मात्र 'हा आमचा' असें म्हणणारें कोणीतरी लागे. ज्याला असें कोणी नाहीं, त्याच्यासाठीं काय करावें याचें उत्तर फार थोड्यांनीं शोधलें.

इस्पितळें निघण्यापूर्वींची स्थिति कशी होती याची एक झांक विदर्भांतच सांपडते. वऱ्हाडांतील ऋद्धपुरास तेराव्या शतकांत गोविंदप्रभु राहत असत. ते चक्रधरस्वामींचे गुरु. महानुभाव पंथाचे लोक त्यांना ईश्वराचा अवतार मानतात. म्हाइंभटांनीं त्यांच्या लीळांचा संग्रह केला, आणि त्यांत काटछाट न करतां त्यांचें वर्तन जसेंच्या तसें उतरविलें, हें त्या ग्रंथकाराचें मोठेपण. आईबाप लहानपणींच वारले, आप्तांनीं सांभाळ केला. पुढें प्रभु मनास येईल त्या घरांत शिरत, हवें तें मागून खात, मुलांत खेळत, गल्ल्यांतून व देवळांतून स्वच्छंद हिंडत. गांवचे लोक कधीं त्यांना वेडे म्हणत, कधीं पिसे म्हणत. आणि तेच लोक अडचण आली म्हणजे त्यांना मायबाप म्हणून हांक मारीत. पंथाच्या श्रद्धेविषयीं येथें कांहीं बोलावयाचें नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें टिपण्यासारखें इतकेंच कीं, लोक ज्याला वेडा म्हणत अशा पुरुषाला त्या गांवांत जेवावयास घरें होतीं, निजावयास मठ होता, आणि सारें गांव त्याला नांवानें ओळखत होतें.

म्हणून तो काळ सोन्याचा होता असें मात्र कोणी समजूं नये. ज्यांच्याभोंवतीं श्रद्धेचें वलय नव्हतें त्यांच्या वांट्यास साखळदंड, मांत्रिकाचा चाबूक, नाहीं तर गांवाबाहेरचा उकिरडा येत असणार. परंतु एक फरक खरा होता. भटकणाऱ्याची मजल त्या वेळीं त्याच्या पायांइतकी होती. तो दहा-वीस कोस गेला तरी भाषा बहुधा तीच राही, आणि बाजाराच्या दिवशीं त्याच्या गांवचा कोणी ना कोणी त्याला पाही.

ही मजल एकोणिसाव्या शतकांत एकाएकीं वाढली. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघुजी भोसले वारले व पुढील वर्षीं नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत हा नवा सुभा बनला. १८६४ सालीं नागपुरास वेड्यांचें इस्पितळ निघालें. १८६७ सालीं मुंबईकडची आगगाडी नागपुरास येऊन पोंचली. हीं तीन सालें जवळजवळ ठेवून वाचलीं म्हणजे बराच उलगडा होतो. पुढें बंगाल-नागपूर रेल्वेनें पूर्वेची वाट मोकळी केली, आणि १९२९ सालीं काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा झाल्यावर दिल्लीहून मद्रासेस जाणारी गाडी याच बाजूनें धांवूं लागली. भ्रमिष्ट माणूस गाडींत बसतो, भूक लागली कीं उतरतो, आणि ज्या भाषेंत तो आपल्या गांवाचें नांव सांगतो ती भाषा फलाटावर कोणालाच समजत नाहीं. घरापासून दूर गेलेला वेडा हा बेवारशी वेडा झाला, तो बऱ्याच अंशीं या लोखंडी रुळांवरून.

१८६४ च्या इस्पितळाचा कारभार १८५८ च्या ३६ व्या कायद्यानें चाले. हिंदुस्थानचें राज्य कंपनीकडून राणीकडे गेलें त्याच वर्षाचा हा कायदा. आपल्या हद्दींत वेडा वाटणारा मनुष्य मोकाट हिंडतांना आढळल्यास त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढें नेणें, हें पोलिसाचें कर्तव्य त्यांत सांगितलें होतें. मॅजिस्ट्रेटानें सरकारी डॉक्टरची मदत घेऊन तपासणी करावी आणि खात्री पटल्यास इस्पितळांत पाठविण्याचा हुकूम द्यावा. मात्र कोणी आप्त किंवा स्नेही पुढें येऊन, याची नीट काळजी घेऊं व याच्याकडून कोणाला इजा होऊं देणार नाहीं, अशी लेखी हमी देईल, तर वेड्याला त्याच्या स्वाधीन करावें अशीही सोय होती. कलमांत दया होती आणि भीतीही होती. भीतीचा भाग अंमळ अधिक होता. रस्ता निर्वेध असावा, बाजारांत गडबड होऊं नये, हा सरकारचा मुख्य हेतु. आंतल्या माणसाचें पुढें काय व्हावें, हें सारें त्या आप्तावर किंवा स्नेह्यावर सोडलें होतें.

पोलिसानें आणलेल्या माणसाबरोबर एक वर्णनपत्र येई. नांव, जात, धंदा, राहण्याचें ठिकाण, वेड केव्हां लागलें आणि कशानें लागलें, असे त्यांत रकाने असत. ज्याच्याबरोबर घरचें कोणी नाहीं त्याचे हे रकाने भरावे कसे? शिपायास तो मनुष्य काल रात्रीं भेटलेला. त्याचें पूर्वायुष्य त्याला कोठून कळणार? पण सरकारी कागदावर रकाना कोरा ठेवणें बरें नव्हे, हें तो पुरेपूर जाणून होता. मग वेडाचें कारण म्हणून एक सोपा शब्द लिहिला जाई, तो म्हणजे 'गांजा'. मॅजिस्ट्रेट तो शब्द मान्य करी, डॉक्टर तो नोंदवहींत उतरी, आणि वर्षअखेरीस प्रांतोप्रांतींच्या अहवालांत मोठा आंकडा जमे कीं, हिंदुस्थानांतले इतके लोक गांजानें वेडे झाले. विलायतेंतल्या पार्लमेंटांत हे आंकडे पोंचले, तेथें ओरड झाली, आणि १८९३ सालीं गांजा-भांगेच्या चौकशीसाठीं एक मोठें कमिशन नेमलें गेलें. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते.

या कमिशननें केलेलें एक काम आजही वाचण्याजोगें आहे. १८९२ सालीं हिंदुस्थानांतील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या माणसांपैकीं २२२ जणांच्या नांवापुढें गांजा-भांग हें कारण लिहिलेलें होतें. कमिशननें त्यांतल्या एकेकाची मूळ ठिकाणीं जाऊन चौकशी करविली. तेव्हां केवळ ९८ जणांच्या बाबतींत त्या व्यसनाचा कांहीं संबंध मानतां येईल असें ठरलें, आणि त्यांतही बऱ्याच जणांना दुसरीं कारणें जोडीला होतींच. गांजा निर्दोष ठरला असा याचा अर्थ नव्हे. अर्थ इतकाच कीं, ज्या माणसाविषयीं कोणाला कांहीं माहीत नव्हतें त्याच्याविषयीं कांहीतरी लिहून टाकण्याची रीत पडली होती, आणि ती रीत म्हणजेच शास्त्र असें वीस-पंचवीस वर्षें समजलें जात होतें. बेवारशी माणसाचा इतिहाससुद्धां दुसरेच लिहितात, तो हा असा.

त्याच १८९२ सालच्या ऑगस्टांत कामठीहून एक तिशीतला मुसलमान तरुण नागपूरच्या इस्पितळांत आणला गेला. त्याचें नांव ताजुद्दीन. १८६१ च्या जानेवारींत कामठीस त्याचा जन्म झाला होता. बाप तान्हेपणीं गेला, आई नऊव्या वर्षीं गेली. आजीनें व मामानें वाढविलें. पुढें तो पलटणींत शिपाई झाला. पलटण सागरास असतांना तेथील एका अवलियाच्या कबरीपाशीं तो रात्रीच्या रात्री बसून राही. नोकरी सुटली, आणि तो कामठीच्या रस्त्यांवरून वस्त्रांची शुद्ध नाहीं, अन्नाची शुद्ध नाहीं, अशा स्थितींत हिंडूं लागला. कोणी त्याला सिद्ध पुरुष समजून पाठीमागें लागत, कोणी दगड मारीत. अखेर छावणींतून त्याची रवानगी इस्पितळांत झाली. हे सारे तपशील भक्तांनीं लिहिलेल्या चरित्रांत आहेत, आणि त्या चरित्रांत चमत्कारही पुष्कळ आहेत. चमत्कार बाजूला ठेवले तरी जें उरतें तें विलक्षण आहे.

हा मनुष्य त्या भिंतींच्या आंत सोळा वर्षें राहिला. या अवधींत त्याची कीर्ति बाहेर पसरत गेली. हिंदु, मुसलमान, पारशी, साहेबांचे नोकर, सारेच त्याच्या दर्शनासाठीं वेड्यांच्या इस्पितळाच्या दाराशीं जमूं लागले. एरव्हीं ज्या दाराकडे पाहून लोक पोरांना भीति घालीत, त्याच दारापुढें नवस बोलणारे उभे राहिले. इस्पितळाच्या वहींत तो रुग्ण होता. बाहेरच्या गर्दीच्या लेखीं तो बाबा होता. दोहोंपैकीं खरें कोणतें याचा निवाडा इतिहासकारानें करूं नये, आणि केला तरी कोणी ऐकणार नाहीं. परंतु एवढ्या कीर्तीनेंही दार उघडलें नाहीं. तें उघडलें १९०८ सालीं, जेव्हां भोसले घराण्यांतील राजे रघुजीराव यांनीं पुढें होऊन कायद्यानें मागितलेली हमी दिली व जामिनकीची रक्कम भरली. राजांनीं बाबांना आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यांत नेऊन ठेवलें. पुढें कांहीं काळ त्यांचा मुक्काम वाकी येथें होता. १७ ऑगस्ट १९२५ रोजीं ते शक्करदऱ्यास वारले. उमरेड रस्त्यावरील ताजबागेंत त्यांची कबर आहे, आणि तेथील उरुसास आजही सर्व धर्मांचे लोक लोटतात.

नागपुरांतील बहुतेक घरांतून ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगितली जाते. तिचा दुसरा अर्ध कायद्याचा आहे. १८५८ च्या कायद्यांतलें जामिनकीचें कलम बाबांना लागूं पडलें, कारण त्यांना एक राजा 'स्नेही' म्हणून मिळाला. हमी देणाऱ्याला घर हवें, पत हवी, आणि सोडविण्याची इच्छा हवी. सोळा वर्षांत त्याच ओसरीवर बाबांच्या शेजारीं जे जेवले, निजले व मेले, त्यांच्यासाठीं या तिन्ही गोष्टी असलेला मनुष्य कोठून येणार? १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनीं मध्यप्रांतांतील खेडींच्या खेडीं उधळून टाकलीं होतीं. त्या वणवणींत ज्यांचें डोकें फिरलें त्यांचे आप्त मेलेले तरी होते, नाहीं तर स्वतःच खडी फोडण्याच्या कामावर गेलेले होते.

१९१२ सालीं नवा कायदा आला. त्यानें कलमें व्यवस्थित लावलीं, परंतु मोकाट हिंडणाऱ्या वेड्याला धरण्याचें काम पोलिसाकडेच व पाठविण्याचें काम मॅजिस्ट्रेटाकडेच ठेवलें. १९२० च्या सुमारास 'असायलम' हें नांव जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' हें नांव आलें. नागपूरकरांच्या तोंडीं मात्र 'पागलखाना' हाच शब्द राहिला. १९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल सादर केला. इंग्लंडांत सुमारें ३०० लोकवस्तीमागें मनोरुग्णाची एक खाट असतांना हिंदुस्थानांत ४०,००० लोकवस्तीमागें एक होती. समितीनें नमूद केलेलीं इस्पितळें साऱ्या देशांत अवघीं १९ होतीं.

तोंवर डॉक्टरांच्या हातीं तरी काय होतें? झोंप आणणारीं औषधें, थंड पाण्याची आंघोळ, शेतकाम, विणकाम, आणि शेवटच्या दहा वर्षांत विजेचा झटका. खरा पालट १९५२ सालीं पॅरिसांत झाला. क्लोरप्रोमेझिन नांवाच्या औषधानें वर्षानुवर्षें भ्रमांत असलेले रुग्ण कांहीं आठवड्यांत शांत व सुसंगत बोलूं लागले. या औषधाचें वर्णन करतांना कोंडलेल्या माणसाचा आरडाओरडा थांबला असें सांगतात, आणि तें खरेंच आहे. परंतु बेवारशी रुग्णाच्या दृष्टीनें त्याचा लाभ आणखी एक झाला. तो आतां आपलें नांव सांगूं शकला. नांवामागून बापाचें नांव, मग नदीचें नांव, जवळच्या स्टेशनाचें नांव. पूर्वीं शिपायानें जो रकाना अंदाजानें भरला होता, तो भरून देण्यास खुद्द रुग्णच समर्थ झाला. त्याला विचारणारें कोणी असलें म्हणजे झालें.

विचारणारें कोणी नव्हतें. पन्नास-साठ वर्षें ही सोय असूनही महाराष्ट्रांतील चार मोठीं मनोरुग्णालयें, म्हणजे नागपूर, येरवडा, ठाणें व रत्नागिरी, बरे झालेल्या पण कोणी न्यावयास न आलेल्या माणसांनीं भरून राहिलीं. नागपूरच्या रुग्णालयांत ९४० खाटा आहेत, येरवड्यास २५४०. आंकडा ऐकून मोठा वाटतो. परंतु खाट एकदां अशा माणसानें धरली म्हणजे ती दुसऱ्या रुग्णासाठीं रिकामी होत नाहीं. त्यामुळें जो रस्त्यावर आहे तो रस्त्यावरच राहतो. दार आंतून अडलेलें असतें.

दुसऱ्या प्रांतांत याहून वाईट चाललें होतें. ज्यांनीं कोणताही गुन्हा केला नाहीं असे वेडे, इस्पितळांत जागा नाहीं म्हणून, तुरुंगांत ठेवले जात. मुंबईच्या पत्रकार शीला बरसे यांनीं बंगालमधील अशा कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें नेला, आणि १९९३ च्या ऑगस्टांत न्यायालयानें ही प्रथा बेकायदा व घटनाविरोधी ठरविली. वेडाविषयीं १९८७ सालीं झालेला नवा कायदाही त्याच वर्षीं अंमलांत आला होता. स्वतंत्र देशाला परक्या सरकारचा १९१२ चा कायदा बदलण्यास चाळीस वर्षें लागलीं आणि तो अंमलांत आणण्यास आणखी सहा, ही गोष्ट सुशिक्षितांनीं मनाशीं ठेवावी. यानंतर आठ वर्षांनीं, ६ ऑगस्ट २००१ रोजीं, तमिळनाडूंतील एरवाडी येथें दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमास आग लागली. रुग्ण साखळ्यांनीं बांधलेले होते. २८ जण जळून मेले. त्यांना वारस होते. वारसांनींच त्यांना तेथें आणून सोडलें होतें. तेव्हां वारस असणें म्हणजेच सोडवणूक, असें समजणेंही भोळेपणाचें आहे.

महाराष्ट्रांत या कोड्याची उकल जेथें झाली ती सरकारी कचेरींत झाली नाहीं. १९८८ सालीं डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी या मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याला रस्त्यावर एक तरुण नारळाच्या करवंटीनें गटाराचें पाणी पितांना दिसला. त्यांनीं त्याला आपल्या दवाखान्यांत आणून औषध दिलें. तो बोलूं लागला तेव्हां कळलें कीं, तो विज्ञानाचा पदवीधर असून आंध्राकडचा आहे. बापाला निरोप गेला, बाप येऊन मुलाला घेऊन गेला. या एका अनुभवांतून 'श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान' ही संस्था उभी राहिली. प्रथम दहिसरास लहान जागेंत, आणि पुढें २००६ सालीं कर्जतजवळ मोठ्या केंद्रांत. हें मोठें पाऊल टाकण्यामागें वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांची प्रेरणा होती, असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. २०१८ सालीं त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोंवर संस्थेनें हजारों माणसें आपापल्या घरीं पोंचविलीं होतीं.

या कामाची रीत सांगण्यासारखी आहे, कारण तींत गूढ असें कांहीं नाहीं. रस्त्यावरच्या माणसाशीं आधीं ओळख करावयाची, चहा-बिस्किट द्यावयाचें, मग गाडींत घ्यावयाचें. आंघोळ, केस कापणें, जखमा धुणें, रक्ताची तपासणी, आणि मनाच्या रोगावरचें औषध. दोन-तीन आठवड्यांत किंवा महिना-दोन महिन्यांत तो बोलतो. त्याची भाषा ओळखून त्या भाषेचा कार्यकर्ता त्याच्याशीं बोलतो. गांवाचें नांव अपुरें असतें. कधीं नुसती एक जत्रा आठवते, कधीं शाळेच्या मास्तरांचें नांव. त्यावरून तालुका काढावयाचा, तेथील पोलिस ठाण्यास दूरध्वनि करावयाचा, आणि मग कार्यकर्त्यानें त्या माणसाला बरोबर घेऊन रेल्वेनें, बसनें, शेवटीं पायीं, त्याच्या अंगणापर्यंत जावयाचें. ज्या रेल्वेनें त्याला बेवारशी केलें त्याच रेल्वेनें त्याला परत न्यावयाचें. पुष्कळ घरांतून दहा-दहा वर्षांपूर्वीं त्याचे दिवस घालून झालेले असतात. आई रडते, भाऊ गोंधळतो, कारण जमिनीचे वाटे होऊन गेलेले असतात. म्हणून कार्यकर्ता औषधाची पुडी, तें कसें द्यावें याची समज आणि पुढील औषधाची व्यवस्था लावूनच परत फिरतो. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात, शिंगवे येथें डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे हें दांपत्य अशाच निराधार स्त्रियांना आश्रय देतें. रस्त्यावरच्या भ्रमिष्ट स्त्रीची विटंबना पुरुषाहून कितीतरी अधिक होते. तेथील कित्येकींच्या कडेवर मूलही असतें.

२०१७ सालीं संसदेनें मानसिक आरोग्यसेवेचा नवा कायदा केला, आणि तो पुढच्या वर्षीं अंमलांत आला. या कायद्याचें शंभरावें कलम १८५८ च्या कलमाशेजारीं ठेवून वाचावें. पोलिसाचें कर्तव्य दोन्हींकडे आहे. परंतु आतां तो धरावयाचा नाहीं, संरक्षणाखालीं घ्यावयाचा आहे. त्याला चोवीस तासांच्या आंत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेंत न्यावयाचें. कोठडींत किंवा तुरुंगांत कोणत्याही कारणानें ठेवावयाचें नाहीं. याच कायद्यानें निराधार व बेघर माणसाला, त्याच्याजवळ दारिद्र्यरेषेचें कार्ड असो वा नसो, विनामूल्य उपचाराचा हक्क दिला. कार्ड नाहीं म्हणून परत पाठविण्याची सोय कायद्यापुरती तरी संपली. कागदावर एवढें उत्तम लिहिलेलें असतांना प्रत्यक्ष काय होतें, याचें उत्तर २०२१ च्या जुलैमध्यें मिळालें. बरे झालेल्या रुग्णांना महाराष्ट्रांतील मनोरुग्णालयांतून काढून भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलविलें जात असल्याचें सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेस आणलें गेलें. न्यायालयानें तें ताबडतोब थांबविण्यास सांगितलें, आणि अशांसाठीं पुनर्वसनगृहें उभारण्याची आठवण राज्यांना पुन्हा करून दिली. खाट रिकामी झाली खरी. माणूस मात्र एका बेवारशी जागेंतून दुसऱ्या बेवारशी जागेंत गेला.

ज्यांचें घर सांपडतच नाहीं, किंवा सांपडूनही दार लावून घेतें, त्यांच्यापुरता मार्ग यापूर्वीं एका दूरच्या गावानें दाखविला आहे. बेल्जममधील गील येथें मध्ययुगापासून संत डिंफना हिच्या देवळाशीं लोक आपले वेडे आणून सोडीत. देवळांत जागा पुरेना, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांना आपापल्या घरांत ठेवून घेतलें. ते शेतांत राबत, त्याच ताटांत जेवत, घरच्या पोरांना खेळवीत. १९३८ च्या सुमारास त्या एका गांवीं साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण परक्या घरांत राहत होते. रोग्याला वारस नसेल तर गांवानें वारस व्हावें, ही ऋद्धपुरासही कळलेली गोष्ट तेथें नियमाला आली होती. आपल्या देशांत चेन्नईची 'बनियन' ही १९९३ सालीं निघालेली संस्था आज त्याच दिशेनें जाते. चार-पांच जणींनीं मिळून एखाद्या वस्तींत भाड्याचें घर करावें, स्वयंपाक करावा, बाजारहाट करावी, आणि मदतीस एक बाई असावी.

बुटीबोरीच्या ठाणेदारापुढें आज हीच सारी परंपरा एका कागदाच्या रूपानें येते. २०१७ च्या कायद्याच्या त्याच शंभराव्या कलमांत आणखी एक आज्ञा आहे. बेघर वा भटकत सांपडलेल्या मनोरुग्णाची हरवल्याची तक्रार ठाण्यानें स्वतः नोंदवावयाची आणि त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावयाचा. एरव्हीं अशी तक्रार लिहविण्यास बाप येतो, भाऊ येतो, आणि आमचा माणूस नाहींसा झाला असें सांगतो. येथें माणूस समोर बसलेला असतो, नाहींसें झालेलें असतें तें कुटुंब. नांवाचा रकाना पहिल्या दिवशीं कोरा राहतो, आणि या वेळीं तो अंदाजानें भरावयाचा नसतो. तो भरण्यास कांहीं आठवड्यांचें औषध लागतें, त्याची भाषा जाणणारा एक मनुष्य लागतो, आणि कोठल्या तरी दूरच्या ठाण्यांत दूरध्वनि उचलून, होय, या नांवाचा मुलगा आमच्या हद्दींतल्या अमुक गांवचा आहे, असें सांगणारा एक शिपाई लागतो.